बटईची सुई

चौसाळा, जि. बीड
१२ जानेवारी २०२५

चि. माया हिला आज्जीचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र आप्पाराव गुरुजी लिहीत आहेत. शाळेतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी हातात खडू असल्यासारखे लिहितात. मी एक बोलते, ते थांबतात, विचार करतात, मग लिहितात. तोवर मी काय बोलले ते मीच विसरते. तेव्हा या पत्रात काही शहाणपणाचं सापडलं तर ते त्यांचं समज.

तू परवा तुझ्या बापाच्या फोनवर म्हणालीस, "आज्जी, व्हिडिओ लाव, मला तुझी बोटं बघायची आहेत." बोटं म्हणजे काय उपवर मुलगी आहे, चहा-पोहे करून बघायला? तुझा बाप बीडला गेला की फोनही गेला, आणि इथं असला तरी त्यातलं बोलणं गल्लीभर ऐकू जातं. त्यापेक्षा पत्र लिही. वाचता येत नाही, पण उशाखाली ठेवता येतं.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सुई वेळेवर लागते का? लागते. पंधरा दिवसांनी एक, तू सांगितलंस तशी. पेनासारखी ती नळी मांडीला टेकवायची, टिचकी वाजते, मग दहा मोजायचे. दहापर्यंत मला येतं. फ्रिज कसा आहे? छान आहे. लई उपयोगाची वस्तू पाठवलीस.

बोटांचं म्हणशील तर एक पंधरवडा चांगला जातो. भाकरी थापते, बादली उचलते, गुरुजींच्या मिसेसचं नाक मुरडणं सोडून सगळं सहन होतं. दुसऱ्या पंधरवड्यात सकाळी मूठ मिटत नाही. दुपारपर्यंत मिटते. मग मिटून उपयोग काय, काम तर सकाळीच असतं.

वच्छलाबाई तुझी आठवण काढते. ओळखलीस ना? ज्यांची सात एकर तुझ्या आज्यानं बावीस वर्षं बटईनं केली, राबणं आपलं, जमीन त्यांची, पीक निम्मं-निम्मं, त्या घरची. तिलाही माझ्यासारखाच संधिवात आहे. आम्ही दोघी ओट्यावर बसून एकमेकींची बोटं मोजतो. अजून दहा-दहाच आहेत.

तुझी,
आज्जी

*

हैदराबाद
२६ जानेवारी २०२५

प्रिय आज्जी,

जय भीम. गुरुजींना नमस्कार. गुरुजी, आज्जी जे "लिहू नका" म्हणते ते सगळं लिहीत जा.

आज्जी, तुझ्या पत्रातली एक ओळ घेऊन मी आमच्या लॅबच्या डॉक्टर सरांकडे गेले. एक पंधरवडा चांगला, दुसरा वाईट. हीच सुई इतरांना पूर्ण पंधरा दिवस पुरते. तुझ्या अंगात ती लवकर उतरते की काय, असं सरांना वाटतं. काहींच्या बाबतीत तसं होतं. मग सुई पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला द्यावी लागते. सुई बनवणारी आमचीच कंपनी घरच्या माणसांसाठी ती देते, म्हणून तो प्रश्न नाही. तू नीट आठवून सांग, वाईट दिवस नेमके कधी सुरू होतात?

आणखी एक. पुढच्या महिन्यात इथे मोठी सभा आहे. नवी औषधं निघतात, पण ती माणसांपर्यंत का पोचत नाहीत, यावर जाणकार बोलणार आहेत. मला पाच मिनिटं दिली आहेत. सगळ्यांना एकच कोडं पडलंय, की मिळालेलं औषधसुद्धा लोक मधेच का सोडतात. तुला काय वाटतं?

तुझी,
माया

*

चौसाळा
९ फेब्रुवारी २०२५

चि. माया हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुजींनी दोनदा वाचलं. "दर आठवड्याला" हे मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

दर आठवड्याला म्हणजे महिन्याला चार. तुझे डॉक्टर शहाणे दिसतात. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. वाईट दिवस कधी सुरू होतात ते काय सांगू, होतात. तू पाठव. लवकर पाठव. (गुरुजी म्हणतात, इतकी घाई का. मी म्हटलं, तुमचं काम लिहायचं.)

तुझ्या सभेसाठी मी इथं चौकशी केली. चंद्रभागाबाईला बीपीची गोळी रोज घ्यायची आहे. ती डोकं दुखलं की घेते. मी विचारलं, रोज कावून घेत न्हाईस? म्हणाली, "डोकं दुखत नसताना गोळी खाल्ली तर दुखल तवा काय खाऊ?" मला तिचं काही चुकलं असं वाटेना. मग बंकट. त्याची साखरेची गोळी निळी होती. मेडिकलवाल्यानं मागं एकदा पांढरी दिली, तीच आहे म्हणाला. बंकटनं ती खिडकीत ठेवून दिली. "निळीनं बरं वाटत व्हतं, पांढरीची आमची वळख न्हाई." दोन महिने झाले, ओळख काही होत नाही.

तेव्हा तुझ्या जाणकारांना सांग, कोणी उगाच सोडत नाही. प्रत्येकाचं काहीतरी असतं. ते विचारायला कोणी येत नाही, कारण विचारायला ओट्यावर बसावं लागतं आणि ओट्यावर पंखा नसतो.

माझं विचारशील तर मी काही सोडलेलं नाही.

तुझी,
आज्जी

*

हैदराबाद
२ मार्च २०२५

प्रिय आज्जी,

सभा झाली. मंचावर चौघे होते. आमच्या कंपनीचे मोठे साहेब म्हणाले, एक औषध बनवायला दहा-बारा वर्षं जातात, त्यातली बहुतेक मधेच फसतात, तो खर्च कुठून काढायचा? अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या, खर्च खरा, पण ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ते औषध निघालंच नाही असं समजा. आरोग्य खात्याचे अधिकारी म्हणाले, यादीत घालू हो, पण गावात चोवीस तास थंड ठेवायचं कुठे? शेवटी एक फार नावाजलेले डॉक्टर म्हणाले, मूळ गोष्ट अशी की पेशंटला औषधाचं महत्त्वच कळत नाही, ते विसरून जातात.

माझी पाळी आली तेव्हा मी बंकटकाकांची पांढरी गोळी सांगितली. लोक हसले. मग हसायचे थांबले.

तुझं नाव न घेता तुझी केसही सांगितली. औषध लवकर उतरणारी माणसं किती असतील, यावर आता आमच्याकडे चर्चा सुरू झालीय. सर म्हणतात, नीट टिपण काढू.

दर आठवड्याची सुई सुरू करायला मात्र थोडं थांबावं लागेल. आधी तुझ्या छातीचा फोटो आणि रक्ततपासणी पुन्हा हवी. का, ते सांगते. संधिवातात शरीराचा राखणदार चुकून आपल्याच सांध्यांवर काठी चालवतो. ही सुई त्याला झोपवते. पण राखणदार झोपला की छातीत लपलेला टीबी असेल तर तो उठू शकतो, आणि मग आवरत नाही. कितीतरी जणांच्या छातीत तो असा दडून असतो, त्यांना पत्ताही नसतो. पहिल्या सुईआधी आपण तुझी तपासणी केली होती ती याचसाठी. तपासणीशिवाय ही सुई कोणालाही देत नाहीत. देऊही नये.

बाबा येत्या रविवारी तुला बीडला नेतील.

तुझी,
माया

*

चौसाळा
६ मार्च २०२५

माया,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. गुरुजी त्यांच्या फोनवर फोटो काढून तुला पाठवणार आहेत. मीच बोलले असते, पण गुरुजींच्या घरात सहा माणसं आहेत आणि हे सहा जणांत बोलायचं नाही.

गुरुजी "देऊही नये" वाचत होते तेव्हा मी म्हटलं, थांबा, दार लावा.

आधी फ्रिज. फ्रिज दिवाळीनंतर जळाला. व्होल्टेज आलं ते इतकं आलं की आत दिवा फुटला. मी छान आहे म्हटलं ते खोटं नाही. त्यात तुरीची डाळ ठेवते, उंदीर शिरत नाही. थंड होत नाही, एवढंच. तुला सांगितलं असतं तर तू दुसरा पाठवला असतास आणि तोही जळाला असता.

मग सुई ठेवायची कुठे? वच्छलाचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालतो. मी डबा घेऊन तिच्याकडे गेले. तिनं तो हातात घेतला, उलटसुलट केला. म्हणाली, "जाई, हीच गं. बीडच्या डॉक्टरनं मला हीच लिहून देलती." म्हणजे तिचा लेक रविराज तिला दाखवायला घेऊन गेला होता. किंमत ऐकून तो डॉक्टरला म्हणाला, बघू. त्याला आता दीड वर्ष झालं. लेकाचं बघू म्हणजे काय, ते आईला विचारावं लागत नाही. तिनं परत विषय काढला नाही. सात एकराची मालकीण, पण सुई मागायची तिला लाज वाटली.

डबा ठेवण्याबद्दल ती काही मागत नव्हती. मीच म्हटलं, बटईनं करू. फ्रिज तुझा, सुई माझी. एक मला, एक तुला. ती हसली. "उलटं झालं की गं." मी म्हटलं, व्हऊ दे की उलटं, बावीस वर्सं सुलटं करून बघितलं.

तेव्हा तुझी सुई कुणाच्या अंगात लवकर उतरत नाही. ती महिन्याला एकच लागते. माझा पंधरवडा चांगला असतो तेव्हा तिची बोटं वाकडी, मी तिच्या भाकरी करते. तिचा चांगला असतो तेव्हा ती माझं धुणं पिळते. आमचं बरं चाललं होतं. तू महिन्याला चार म्हणालीस तेव्हा मला वाटलं, आता दोघींनाही पुरी होईल. म्हणून गप्प बसले. तुझ्या डॉक्टरांना मी चकवलं, त्याची लाज आहे, पण ती मागाहून.

आता खरं ऐक. वच्छलाची तपासणी कुणी केलेली नाही. तिचा नवरा, अर्जुनराव, त्याला बारा वर्षांमागं टीबी झाला होता. तो बरा झाला आणि पुढं हार्टनं गेला. पण ते सगळं वर्ष त्याची थुंकीची वाटी हिनंच उचलली. आणि गेल्या तीन आठवड्यांपासून ती खोकते आहे. तुरी झोडपायला बसली होती, भुसकट गेलं असेल असं आम्ही म्हणत होतो. चार सुया मी माझ्या हातानं तिच्या मांडीला लावल्या. दहा मोजून.

मी तिला काय दिलं, एवढंच सांग. रागवायचं ते नंतर रागव.

आज्जी

*

हैदराबाद
६ मार्च, दुपार

आज्जी,

फोटो मिळाला. मी लॅबच्या जिन्यात बसून वाचला.

वच्छलाआज्जींना आता एकही सुई नको. तुलाही तपासणी होईपर्यंत नको. उद्याच्या उद्या दोघींनी बीडच्या सरकारी दवाखान्यात जायचं. छातीचा फोटो, थुंकी आणि रक्त, तिन्ही तपासायला सांगायचं. अर्जुनरावांचा आजार सांगायचा. चार सुया घेतल्या हेही सांगायचं, लपवायचं नाही. ते लपवलं तर डॉक्टरला काहीच कळणार नाही. रविराजकाकांना सांगावंच लागेल. गाडी त्यांचीच आहे.

खोकला भुसकटाचाही असू शकतो. टीबी असलाच तर त्यावर औषध आहे, सरकारी आहे, फुकट आहे, आणि लवकर कळलं तर माणूस बरा होतो. हे मी तुझी समजूत घालायला म्हणत नाही, हे खरं आहे.

रागावले आहे. पण ते नंतर.

माया

*

चौसाळा
३० मार्च २०२५

चि. माया हिला आशीर्वाद.

फोनवर निकाल तुला कळलाच आहे, पण फोनवर तू नुसती रडत होतीस, तेव्हा नीट ऐक.

रविराजला मीच सांगितलं. तो गाडी पुसत होता. फडकं हातातच राहिलं. म्हणाला, "आई, मला सांगायचं की." वच्छला म्हणाली, "सांगितलं व्हतं. तू बघू म्हणलास." त्यानं तशीच गाडी काढली. वाटेत मांजरसुंब्याला त्यानं न विचारता आमच्यासाठी चहा आणला, त्यात साखर दुप्पट होती. तेव्हा मी समजले, पोरगं मनातनं वाईट नाही.

डॉक्टरीण तुझ्या वयाची. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सुई कोणी लावली? मी हात वर केला. वच्छलानंही केला, म्हणाली मांडी माझी होती. डॉक्टरीण चिडली. "औषध म्हणजे काय शेत आहे का, वाटून घ्यायला?" मी म्हटलं, बाई, शेत असतं तर निम्म्यात भागलं असतं. ती दुसरीकडे बघून हसली. मला दिसलं.

चार दिवस निकाल नव्हता. ते चार दिवस मी वच्छलाच्या घरीच झोपले. ती खोकली की मी मोजायची. ती म्हणाली, "जाई, मोजू नको, तुला धाच्या पुढं येत न्हाई." आणि खरंच ती एका वेळी दहाच्या पुढं खोकली नाही. माझी सोय बघत असेल.

फोटो स्वच्छ निघाला. थुंकी स्वच्छ. खोकला भुसकटाचाच. पण रक्तात आलं की टीबी आत आहे, झोपलेला. चार सुयांनी तो उठला नाही, पाचवीनं उठला असता का, ते डॉक्टरीण सांगेना. आता आठवड्यातून एकदा गोळ्या, बारा आठवडे. आशाताई वनमाला दर मंगळवारी येऊन समोर गिळायला लावते. महिनाभर गोळ्या झाल्या की तिला सुई चालेल म्हणे, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पण ती सुई आणायची कुठून, ते कोणी सांगितलं नाही.

माझी तपासणी चांगली आली. माझी सुई मी आता पुरी घेते आणि माझी मूठ सकाळी मिटते. मिटली की वच्छला बघते. ते बघणं मला सोसत नाही, पोरी. काहीतरी कर.

तुझी,
आज्जी

*

हैदराबाद
२० एप्रिल २०२५

प्रिय आज्जी,

मी सरांकडे गेले आणि सांगितलं की टिपण काढू नका, औषध लवकर उतरत नाही, माझी आज्जी ते बटईनं घेत होती. बटई म्हणजे काय, ते मला फळ्यावर काढून दाखवावं लागलं. सर हसले नाहीत. विचारलं, असे आणखी किती असतील? कोणालाच माहीत नाही. आमच्या कागदावर दोनच खाने असतात, घेतलं आणि नाही घेतलं. वाटून घेतलं, असा खाना नाही. त्या नावाजलेल्या डॉक्टरांनाही मी कळवलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "मी चुकलो. आज्जींना नमस्कार." गुरुजींना ही ओळ तीनदा वाचायला लाव.

आता कामाचं. आमच्या कंपनीची एक योजना आहे, एक सुई विकत घेतली की पुढची एक मोफत. तीन वर्षांपासून आहे. त्याचा फॉर्म डॉक्टरांनी भरायचा असतो. मी शोध घेतला. वच्छलाआज्जींना ज्यांनी सुई लिहून दिली त्यांच्या टेबलाच्या खणातही ते फॉर्म होते. इंग्रजीत, सहा पानी. त्यांना वाटलं विचारतील तर देऊ. रविराजकाकांना माहीतच नव्हतं की विचारायचं असतं. आणि मी, जी ती सुई बनवणाऱ्या इमारतीत रोज जाते, मलाही कधी वाटलं नाही की माझ्या गावात कोणाला हे सांगावं.

मी साहेबांकडे बसून फॉर्म मराठीत करून घेतला. दोन पानी. सोबत पाठवते. गुरुजी, कृपया तपासा.

फ्रिजवर मी रागावणार होते. पण आमच्याच लॅबमध्ये दुसऱ्या मजल्यावर महिनाभर फ्रिजबाहेर टिकणाऱ्या सुईचं काम चालू आहे. अजून बरीच वर्षं लागतील. ते काम कोणाला फारसं मोठं वाटत नाही, कारण त्यात नवं औषध नाही, जुनंच आहे. मी तिकडे बदली मागितली आहे.

तुझी,
माया

*

चौसाळा
२० जुलै २०२५

चि. माया हिला आज्जीचा जय भीम.

उत्तराला उशीर झाला, कारण गुरुजी तुझा फॉर्म तपासत होते. अकरा चुका काढल्या. मी म्हटलं, अकरा काढेपर्यंत माणूस जाईल, नऊ काढा. ऐकलं नाही. आता तो फॉर्म आमच्या मेडिकलवाल्याकडे काचेला लावलाय. चंद्रभागाबाईनं विचारलं, ह्यो बीपीला चालतो का? नाही चालत म्हटलं तर म्हणाली, मग मोठ्या अक्षरात कावून लिवलंय. बंकटनं पांढरी गोळी सुरू केली. ओळख कशी झाली विचारलं तर सांगत नाही.

रविराजनं मात्र तो तपासून व्हायच्या आधीच फॉर्मवर सही केली. पेन बराच वेळ कागदावर धरून बसला होता. वच्छला म्हणाली, "बघू नगस, कर." त्यानं केली. मे महिन्यात पहिली सुई आली, तिच्या नावाची. ती तिनं मलाच लावायला सांगितलं. डॉक्टरिणीला विचारून लावली. दहा मोजले, वर एक जास्त मोजला.

गोळ्यांचे बारा मंगळवार संपले. वनमाला आता उगाच येते, चहा पिऊन जाते.

माझी सुई अजून वच्छलाच्याच फ्रिजमध्ये आहे. दुसरा फ्रिज पाठवू नकोस. माझ्या डब्याला मी निळा दोरा बांधलाय, तिच्याला लाल. बटई मोडली. पण आता दोघींचे हात एकाच वेळी चालतात, ही नवीनच पंचाईत. आधी पाळी होती, कोणी कोणाचं करायचं ते ठरलेलं होतं. आता मी तिच्या घरी भाकरी करायला गेले तर तिची परात भरलेली असते. काल तर ती माझं धुणं पिळायला आली आणि मी दोरीवर घालत होते. दोघी तशाच उभ्या राहिलो. मग म्हटलं, बस, बोलू तरी.

तुझी बदली झाली, ऐकलं. दुसऱ्या मजल्यावर नीट जा, जिन्यात बसून पत्रं वाचू नकोस.

आणखी एक गोष्ट, ती सभेत सांगायची नाही. दोन वर्षं वच्छलाचे केस तिची सून विंचरत होती. सून चांगली आहे, पण घाईची आहे. वच्छला मान खाली घालून बसायची, तिथनं मी उठून जायची. आज सकाळी ती ओट्यावर आली ती आपल्या हातानं अंबाडा घालून. हात वर नेऊन, आकडे दातात धरून, सगळं आपणच. माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली आणि विचारलं, "कसा झालाय?"

वाकडा झाला होता. लई वाकडा, डाव्या कानावर आलेला.

मी म्हटलं, सरळ आहे.

आज्जी